उसाची ट्रॉली, उजवं कोपर आणि अडीच वर्षांचा दावा

पार्श्वभूमी

सुनंदाताई हे बदललेलं नाव. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, घराच्या पुढच्या सोप्यात त्यांचं शिलाईमशीन होतं आणि त्या मशीनवर घर चालत होतं. वय ३८. नवरा सूतगिरणीत होता. गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम. मुलगी बारावीला. अस्तराचा साधा ब्लाउज, कटोरी, लग्नसराईत नवरीचे आणि करवल्यांचे. दुकानाला पाटी नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. होती फक्त मापांची वही. पुढे या वहीने मोठं काम केलं.

डिसेंबर २०२२. गळीत हंगाम भरात होता. अस्तर, हुक आणि दोऱ्याची रिळं घेऊन त्या भाच्याच्या स्कूटरवरून परतत होत्या. दिवस मावळला होता. वळणाच्या पुढे दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता. मागची ट्रॉली अर्धी डांबरावर. रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, मागे दगड किंवा फांदी ठेवलेली नाही. ड्रायव्हर पंक्चरवाल्याला आणायला गेलेला. समोरून आलेल्या गाडीचा उजेड भाच्याच्या डोळ्यांवर आला आणि स्कूटर ट्रॉलीच्या कोपऱ्याला घासली. भाच्याला खरचटलं. सुनंदाताई उजव्या कोपरावर पडल्या.

दर हंगामाच्या तोंडाला कारखान्यांवर आणि आरटीओकडून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात. कापडाची एक लाल-पिवळी पट्टी, तीही ऊस भरला की झाकून जाते. आमच्या भागात हे दृश्य इतकं नेहमीचं आहे, की अपघात झाल्यावरही लोक ट्रॉलीला दोष देत नाहीत, ‘नशीब’ म्हणतात.

मी तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेविका आहे. सुनंदाताई माझ्याकडे आल्या तेव्हा अपघाताला महिना उलटला होता. त्यानंतरच्या गोष्टी मी जवळून पाहिल्या; त्याआधीच्या त्यांनी सांगितल्या तशा लिहिते आहे.

दुखापत

दंडाचं हाड कोपराच्या सांध्यातच फुटलं होतं, तीन तुकडे. १०८ च्या गाडीने आधी जवळच्या दवाखान्यात, तिथून शहरातल्या खासगी रुग्णालयात. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, दोन प्लेटा आणि स्क्रू बसले. हाड नीट जुळलं. पण कोपर हा फार रुसवा धरणारा सांधा आहे. तीन हाडं तिथे एकमेकांत बसतात आणि करंगळीकडे जाणारी नस त्याच्या मागूनच जाते. काही आठवडे हलवलं नाही तर तो आखडतो, आणि जोर लावून हलवला तर आणखीच आखडतो.

डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली होती. एसटीचं भाडं, सोबत एक माणूस, दर फेरीला अर्धा दिवस. सात वेळा जाऊन झाल्यावर त्या थांबल्या. मग कुणीतरी नामांकित हाडवैद्याचं नाव काढलं. त्याने गरम तेल लावून हात दाबून दाबून वाकवला. कोपर सुजलं, लाल झालं, आणि सूज ओसरल्यावर होतं त्यापेक्षा कमी वाकू लागलं. सांध्याभोवतीच्या मांसात नवं हाड धरू लागल्याचं पुढच्या एक्स-रेत दिसलं. जोरजबरदस्तीच्या मालिशीने असं होतं, हे अस्थिरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

शेवटी काय उरलं, ते आकड्यांत सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद या आकड्यांचा आहे. हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश, पूर्ण वाकला की साधारण १४०. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० एवढी हालचाल लागते. सुनंदाताईंचं कोपर ४० पासून १०५ पर्यंतच जायचं. घास तोंडाशी पोहोचत नव्हता. वेणी घालता येत नव्हती. टेबलावर पसरलेल्या कापडाच्या पलीकडच्या कडेला कात्री जात नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, त्यामुळे कात्रीवरची पकडही ढिली.

अडचण

ट्रॅक्टरमालक पंचक्रोशीतलाच. तो दुसऱ्या दिवशी रुग्णालयात आला, वीस हजार रुपये दिले आणि म्हणाला, “पोलीस केस नको, आपण आपसात बघू.” भाच्यालाही भीती होती, की गुन्हा आपल्यावरच पडेल. त्यामुळे रुग्णालयाच्या केसपेपरवर अपघाताची हकिगत लिहून घेतली गेली ती अशी: ‘दुचाकीवरून तोल जाऊन पडल्या.’ ट्रॉलीचं नावच नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महाग ठरलेला निर्णय हाच. तो कुणी ठरवून घेतला असंही नाही. वेदनेने कळवळणाऱ्या बाईच्या उशाशी उभं राहून, समोर ट्रॅक्टरमालक असताना, घाबरलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाने डॉक्टरांना एक वाक्य सांगितलं. त्या वाक्यावर विमा कंपनीच्या वकिलाने दोन वर्षं उलटतपासणी केली.

दोन आठवड्यांनी मालक शंभराच्या स्टॅम्पपेपरवर मजकूर घेऊन आला: आमची काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही. सुनंदाताई डाव्या हाताने अंगठा उठवायला तयार होत्या. मुलगी म्हणाली, “आई सही करते, अंगठा कशाला? तिचा हात बरा झाला की बघू.” कागद तसाच परत गेला. पुढे किती अडलं असतं, ते या मुलीने वाचवलं.

समोर असलेले पर्याय

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा चार वाटा होत्या.

पहिली, मालकाशी तडजोड. तो आणखी पन्नास हजारांपर्यंत जाईल असं मधली माणसं सांगत होती. खर्च त्याआधीच लाखाच्या घरात गेला होता.

दुसरी, रुग्णालयाबाहेर भेटलेल्या एका एजंटाची. “सगळं मी बघतो, मिळेल त्यातले पंचवीस टक्के माझे.” असा टक्क्यांचा करार वकिलाने करणंच बार काउन्सिलच्या नियमांत बसत नाही, मग एजंटाची गोष्ट सोडाच. तरीही ही माणसं चालतात, कारण सगळ्यात आधी तीच पोहोचतात.

तिसरी वाट मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ ची. चूक कुणाची हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे. पैसे लवकर येण्याची शक्यता, कोर्टाच्या फेऱ्या कमी. पण हे स्वीकारलं की कलम १६६ चा दावा संपतो, हेही कायद्यातच लिहिलं आहे.

चौथी, कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पूर्ण भरपाईचा दावा. इथे समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते, उत्पन्न सिद्ध करावं लागतं, अपंगत्व सिद्ध करावं लागतं. वेळ लागतो. आणि एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट आली आहे. त्याआधी १९९४ पासून अशी मुदतच नव्हती, त्यामुळे जुन्या अनुभवावर बोलणारी माणसं अजूनही ‘काही घाई नाही’ असं सांगतात. सुनंदाताईंनाही एकाने तसंच सांगितलं होतं.

तिसऱ्या आणि चौथ्या वाटेत आम्ही खूप घुटमळलो. अडीच लाख ही त्या घरासाठी लहान रक्कम नव्हती, मुलीच्या पुढच्या शिक्षणाची फी तोंडावर होती. मी स्वतः एकदा म्हणून गेले, की घ्या आणि मोकळ्या व्हा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकीलबाईंनी विचारलं, “हा हात आणखी किती वर्षं ब्लाउज शिवणार होता?” त्यावर सुनंदाताई म्हणाल्या, “माझी आई पासष्टीपर्यंत शिवत होती.” तिथे चौथी वाट ठरली. (महिलांना मोफत विधी सहाय्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही, ही माहिती अजून फार थोड्या बायकांपर्यंत पोहोचली आहे.)

काय केलं

आधी पोलीस ठाणे. जानेवारी २०२३ च्या अखेरीस ट्रॅक्टरचालकावर गुन्हा नोंदला गेला: हयगय, रस्त्यात अडथळा आणि गंभीर दुखापत. उशीर का झाला, हे फिर्यादीतच लिहायला लावलं: ऑपरेशन, अंथरूण, तडजोडीची बोलणी. फिर्याद उशिरा दिली एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात सांगितलेलं आहे. पण उशिराचं कारण तर द्यावंच लागतं.

केसपेपरवरच्या त्या वाक्याला तोड म्हणून १०८ च्या गाडीची नोंद मागवली. गाडीवरच्या डॉक्टरांनी जागेवरच लिहिलं होतं, ‘उभ्या ट्रॉलीला धडक.’ ती नोंद भाच्याने भीतीपोटी बोलण्याच्या आधीची होती. तिच्या प्रतीसाठी चार फेऱ्या झाल्या, पण ती मिळाली.

मग उत्पन्न. मापांच्या वह्या मुलीने माळ्यावरून काढल्या, पाच वर्षांच्या. प्रत्येक पानावर नाव, तारीख, छाती-कंबर-बाही, शेवटी शिलाई किती आणि आगाऊ किती. त्याला जोड म्हणून बचत गटाच्या कर्जाची नोंद, त्यात कर्जाचं कारण ‘पिको मशीन’. बँकेच्या शिक्क्याचा खातेउतारा, त्यात गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून पाठवलेले दोनशे-तीनशे रुपये. आणि साक्षीला तीन गिऱ्हाइकं, त्यांत एक अंगणवाडी सेविका. त्या सेविकेचं एक वाक्य मला पाठ आहे: “साहेब, संक्रांतीच्या आधी त्यांच्याकडे कापड टाकलं तर होळीला मिळायचं, एवढं काम होतं.”

दावा मे २०२३ मध्ये दाखल झाला, पाचवा महिना संपता संपता. मालकाने दिलेले वीस हजार दाव्यात स्वतःहून नमूद केले. ते लपवू नका, असं वकीलबाईंनी ठामपणे सांगितलं होतं.

विमा कंपनीचं म्हणणं

कंपनीने पाच मुद्दे मांडले. ट्रॉली उभी होती, मग अपघात वाहनाच्या ‘वापरातून’ झाला कसा? हा मुद्दा फार टिकला नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता; त्या प्रकरणात १९९१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की उभं किंवा पडलेलं वाहनही वापरातच असतं.

दुसरा, स्कूटरवाल्याचीही चूक होती, तेव्हा भरपाई कापा. इथे मागे बसलेल्या माणसाची बाजू वेगळी पडते. चूक भाच्याची थोडी असली तरी ती सुनंदाताईंची नव्हे. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला लागलं, तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या खेन्येई प्रकरणात हे स्पष्ट झालं आहे. भाच्याची आई या मुद्द्यापायी महिनाभर सुनंदाताईंशी बोलत नव्हती. तिला वाटत होतं, मुलाला पैसे भरावे लागणार.

तिसरा मुद्दा खरा जड होता. पॉलिसी शेतीकामासाठीच्या ट्रॅक्टरची. ट्रॅक्टर मात्र भाड्याने ऊस वाहत होता, आणि मागच्या ट्रॉलीचा विमाच नव्हता. म्हणजे पॉलिसीच्या अटी मोडल्या.

चौथा, तो केसपेपर. पाचवा, फिजिओथेरपी सोडली आणि हाडवैद्याकडे गेली, तर कोपर आखडल्याचा भार आमच्यावर कशाला?

निर्णयाची वेळ: लोकअदालत

सप्टेंबर २०२३ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनीने तीन लाखांचा देकार ठेवला. त्यांचा हिशेब असा: जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाचं प्रमाणपत्र उजव्या हाताच्या २८ टक्के अपंगत्वाचं, पूर्ण शरीराचं धरलं तर निम्मं, १४ टक्के. उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून महिना आठ हजार. वर्षाचे ९६ हजार, ३८ वयाला १५ चा गुणक (वर्षाची कमाई ज्याने गुणायची, तो वयावरून ठरलेला आकडा), म्हणजे १४ लाख ४० हजार. त्याचे १४ टक्के म्हणजे २ लाख १ हजार ६००. वर उपचारांचं काही.

घरचे म्हणाले, घेऊन टाका. त्यांतच कुणीतरी डोक्यात भरवलेलं होतं, की ४० टक्क्यांच्या खाली अपंगत्व असलं तर कोर्ट काहीच देत नाही. ही ४० टक्क्यांची अट सरकारी सवलतींची आहे, अपघाताच्या भरपाईशी तिचा संबंध नाही. हा गोंधळ मी इतक्या घरांत पाहिला आहे, की आता पहिल्याच भेटीत सांगून टाकते.

नकार द्यायला सुनंदाताईंना धीर लागला. लोकअदालतीतला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. म्हणून तिथे ‘हो’ म्हणण्याआधी डॉक्टरची साक्ष झाली नसेल तर आपल्याच पुराव्याची किंमत आपल्याला माहीत नसते. आमचं मत पडलं, की साक्ष होऊ द्यावी.

डॉक्टरची साक्ष

ऑपरेशन केलेल्या सर्जनना कोर्टात आणणं हे वेगळंच काम. दोन तारखा गेल्या. शेवटी कोर्टाच्या वतीने साक्ष नोंदवणारा कमिशनर नेमून त्यांच्या रुग्णालयातच साक्ष नोंदवली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग सुचवला आहे, आणि त्याच निकालाचा गाभा आमच्या कामाचा होता: अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या नुकसानीची टक्केवारी नव्हे. माणूस काय काम करत होता, ते काम आता कितपत जमतं, हे पाहायचं असतं. शिक्षकाचं कोपर आणि शिंपिणीचं कोपर एक्स-रेत सारखंच दिसतं.

वकीलबाईंनी डॉक्टरांना अंशांबद्दल एकच प्रश्न विचारला. बाकीचे सगळे कापडाबद्दल. सव्वा मीटर कापड बेतताना हात किती लांब जातो? काखेची गोलाई कापताना कोपर किती वाकतं? दोन बोटं बधिर असताना कात्री किती वेळ चालेल? डॉक्टर म्हणाले, साधं मशीन थोडा वेळ चालवता येईल, बेतणं आणि बारीक हातशिलाई नाही. हाडवैद्याबद्दल त्यांनी खरं तेच सांगितलं: आखडणं काही प्रमाणात वाढलं असेल, पण सांध्यातच तीन तुकडे झाले असताना हालचाल पूर्ण परत येण्याची खात्री ऑपरेशनच्या दिवशीही नव्हती.

निकाल

जून २०२५. न्यायाधिकरणाने चूक ट्रॅक्टरचालकाची धरली, केसपेपरपेक्षा १०८ च्या नोंदीला महत्त्व दिलं, आणि उत्पन्न महिना दहा हजार मानलं. आम्ही पंधरा मागितले होते. कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी गेली असं ठरवलं. फिजिओथेरपी सोडल्याचा परिणाम इथे दिसला, कारण आमची मागणी पन्नासची होती.

हिशेब असा. वर्षाचे १ लाख २० हजार, त्यावर भावी वाढीचे ४० टक्के (स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे), म्हणजे १ लाख ६८ हजार. गुणक १५. त्याचे ३० टक्के: ७ लाख ५६ हजार. उपचारांचे ९६ हजार. पावत्या नसलेले पंचवीस हजार गेले. सहा महिन्यांची बुडालेली कमाई ६० हजार. प्रवास, आहार, सोबतीचा माणूस २५ हजार. वेदनांचे ६०, जगण्यातल्या उणिवेचे ४०, पुढच्या ऑपरेशनचे ४० हजार. एकूण १० लाख ७७ हजार. मालकाने दिलेले वीस वजा जाऊन १० लाख ५७ हजार, दाव्याच्या तारखेपासून ७ टक्के व्याजाने.

पॉलिसीची अट मोडली होती, म्हणून आदेश झाला: कंपनीने आधी भरावे आणि मग मालकाकडून वसूल करावे. सुनंदाताईंना रक्कम मिळाली, तिचा मोठा भाग न्यायाधिकरणाच्या सांगण्यावरून मुदत ठेवीत गेला. मालकाच्या हातात मात्र कंपनीची वसुलीची नोटीस आली. तो वाईट माणूस नाही. विमा भरला की सगळं झाकलं जातं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ट्रॉलीचा विमा आणि भाड्याच्या वाहतुकीला लागणारी पॉलिसी यांवर त्याला त्या वेळी काही हजार खर्च आला असता. आता तो रस्त्यात भेटला तर मान वळवतो, आणि सुनंदाताईंना त्याचं दुःख आहे.

आज हेच प्रकरण आलं तर

पहिल्याच दिवशी रुग्णालयात हकिगत कोण सांगतं, याकडे लक्ष देईन. वाहनाचा नंबर, उभं होतं की चालतं, दिवा होता का, हे केसपेपरवर गेलंच पाहिजे. आणि ट्रॉलीचा फोटो. त्या संध्याकाळी तिथे पंधरा जण जमले होते आणि एकाच्याही मोबाइलमध्ये फोटो निघाला नाही.

माझी स्वतःची चूक फिजिओथेरपीची. मी बिलं गोळा करण्यात इतकी गुंतले, की त्या जात आहेत का हे विचारलंच नाही. माझ्याकडे त्या आल्या तेव्हा हाडवैद्याची पहिलीच मालिश झाली होती. पुढच्या चार थांबवता आल्या असत्या. व्यायामाचे धडे एकदा नीट शिकून घरी करता येतात. एसटीचं भाडं हे खरं कारण होतं, ते मला कळायला वर्ष लागलं. आता मी प्रत्येक हाडाच्या केसमध्ये पहिल्या महिन्यातच फिजिओची वही मागते.

लोकअदालतीतला नकार बरोबर होता का? या प्रकरणात हो. पण वह्या नसत्या, १०८ ची नोंद नसती, तर मी तीन लाख घ्या असंच सांगितलं असतं.

सुनंदाताई आता बेतायचं काम दुसऱ्या दोघींना देतात, स्वतः मापं घेतात आणि फॉल-पिको करतात. मापं लिहायचं काम मुलगी करते, कारण आईचं अक्षर बदललं आहे. सांधा मोकळा करण्याच्या ऑपरेशनने वीस-पंचवीस अंश मिळतील असं डॉक्टर म्हणतात, पण त्यानंतर व्यायामात खंड चालणार नाही. ते चाळीस हजार वेगळ्या खात्यात आहेत. लग्नसराई संपली की दाखवायला जाऊ, असं त्या म्हणाल्या आहेत.